यकृताला चिठ्ठ्या वेगळ्या कळत नाहीत

1993 साली जपानच्या बाजारात सोरिव्हुडिन नावाचं नवं औषध आलं. ते नागिणीवरचं होतं आणि गुणकारी होतं. नागिणीच्या विषाणूला ते चोख आवरत असे. पण ते वापरात आल्यापासून चाळीस दिवसांत 15 रुग्ण दगावले. हे सगळे कर्करोगाचे रुग्ण होते आणि फ्लुरोयुरासिल किंवा त्याच कुळातलं औषध आधीपासून घेत होते. फ्लुरोयुरासिल शरीरात गेलं की त्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग एक विकर, म्हणजे एन्झाइम, मोडून टाकतं आणि हे काम मुख्यतः यकृतात चालतं. आतड्यातले जिवाणू सोरिव्हुडिनपासून एक पदार्थ तयार करत आणि तो पदार्थ या विकराला कायमचं निकामी करत असे. मग नेहमीच्याच मात्रेतलं कर्करोगाचं औषध रक्तात साचत गेलं. अस्थिमज्जेचं काम थांबलं, आतड्याचं अस्तर सोलवटलं आणि माणसं गेली.

यात दोष कोणाचा, हे शोधायला गेलं तर एकही माणूस पुरता सापडत नाही. त्वचारोगाच्या डॉक्टरने नागिणीला औषध दिलं ते बरोबर होतं. कर्करोगाच्या डॉक्टरची मात्राही बरोबर होती. मात्र त्या काळी जपानात कर्करोग झाल्याचं रुग्णाला न सांगण्याची सर्रास रीत होती. ज्याला आपला आजारच ठाऊक नाही, तो दुसऱ्या डॉक्टरला आपण कोणत्या गोळ्या घेतो हे काय सांगणार? दोन चिठ्ठ्या वेगवेगळ्या हातांनी लिहिल्या गेल्या, त्या कोणीही शेजारी ठेवून वाचल्या नाहीत आणि त्यांची गाठ थेट रुग्णाच्या पोटात पडली.

जपानने पुढे जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. औषध देताना रुग्णाला त्याची माहिती देणं 1997 पासून तिथल्या फार्मासिस्टवर कायद्याने बंधनकारक झालं. रुग्णाने स्वतःजवळ बाळगायची औषधांची वही देशभर रुजली. 2000 सालापासून त्या वहीत नोंद करण्याचे पैसेही विमा योजनेतून औषधालयाला मिळू लागले. 2011 च्या त्सुनामीत दवाखान्यांचे कागद वाहून गेले, तेव्हा निवाऱ्यात आलेल्या वृद्धांच्या पिशव्यांतल्या याच वह्या डॉक्टरांच्या कामी आल्या. ‘रुग्णांनी यापुढे डॉक्टरांना सगळं नीट सांगावं’ असं आवाहन करून जपान सरकार मोकळं झालं नाही. आपण अजून आवाहनापाशीच आहोत.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत टोकदार आहे तो एचआयव्हीच्या रुग्णांसाठी. 2004 मध्ये सरकारने एचआयव्हीवरची औषधं, म्हणजे एआरटी, मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. आज जिल्ह्याजिल्ह्यात केंद्रं आहेत आणि बहुतेक रुग्णांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं एकत्र असलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते. ती नियमित घेणारा माणूस वर्षानुवर्षं धडधाकट राहतो. नेमक्या याच यशातून पुढचा प्रश्न निर्माण झाला आहे. 2004 मध्ये तिशीत असलेला रुग्ण आज पन्नाशीत आहे. त्याला साखर आहे, कोलेस्टेरॉल आहे, पित्त आहे, गुडघे दुखतात, कुणाला दम्याचा पंप लागतो. या सगळ्यासाठी तो एआरटी केंद्रात जात नाही. गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो किंवा सरळ मेडिकलमध्ये.

इथे यकृतात काय घडतं ते थोडक्यात सांगायला हवं. तोंडावाटे घेतलेलं बहुतेक औषध आतड्यातून शोषलं जाऊन आधी यकृतात जातं. तिथे सायटोक्रोम पी-450 या कुळातली विकरं त्याचं रूप बदलतात, म्हणजे ते शरीराबाहेर टाकायला सोपं होतं. या कुळातलं सीवायपी-3ए-4 हे एकटं विकर आज वापरात असलेल्या औषधांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक औषधं हाताळतं. जुन्या मुंबईतल्या जकात नाक्यावर एखाद्या दिवशी जास्त खिडक्या उघडाव्यात किंवा सगळ्या बंद पडाव्यात, तसे या विकराचे दोन प्रकारे हाल होतात. काही औषधं यकृताला हे विकर जास्त बनवायला लावतात, तेव्हा दुसऱ्या औषधाचा फडशा पडतो आणि ते रक्तात पुरेसं उरत नाही. काही औषधं विकरालाच अडवून धरतात, तेव्हा दुसरं औषध साचत जाऊन विषासारखं वागतं. या दोन्हींच्या वेळा वेगळ्या असतात आणि व्यवहारात तीच मोठी अडचण ठरते. अडवणूक पहिल्या एक-दोन दिवसांतच जाणवते. विकर वाढायला मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात आणि ते वाढवणारं औषध बंद केल्यावर उतरायलाही जवळपास तितकेच. त्यामुळे ‘ती गोळी तर मी मागच्या आठवड्यातच सोडली’ हे रुग्णाचं उत्तर खरं असूनही उपयोगाचं नसतं.

पहिल्या प्रकारातलं सर्वांत जोरकस औषध म्हणजे टीबीवरचं रिफाम्पिसिन. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि एचआयव्ही असलेल्याला टीबी होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, म्हणजे या दोन औषधांची गाठ आपल्याकडे पडणारच. रिफाम्पिसिन चालू असताना डोल्युटेग्राव्हिरची रक्तातली पातळी निम्म्याहून खाली येते. त्यावर उपाय साधा आहे. दिवसातून एकदाऐवजी दोनदा, बारा तासांच्या अंतराने डोल्युटेग्राव्हिर द्यायचं आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे तसंच चालू ठेवायचं. लोपिनाव्हिरसारख्या जुन्या औषधांची गत याहून वाईट होती, त्यांची पातळी पाऊण हिश्शाने घटायची.

सरकारी कार्यक्रमाला याचं श्रेय द्यायलाच हवं. नेव्हिरॅपिन या एचआयव्हीवरच्या जुन्या औषधाच्या जमान्यातही टीबी निघाला की रुग्णाला एफाव्हिरेन्झ या दुसऱ्या औषधावर नेण्याची शिस्त होती आणि आता डोल्युटेग्राव्हिरच्या जादा गोळीची आहे. एआरटी केंद्रात प्रत्येक खेपेला खोकला, ताप, वजन विचारतात ते याच कारणासाठी. दोन्ही आजार सरकारी वहीत असले की यकृतातली टक्कर सांभाळली जाते. पण टीबीच्या उपचारांचा मोठा वाटा आपल्याकडे खासगी डॉक्टरांकडे आहे. तिथे टीबीची गोळी सुरू झाली आणि रुग्णाने एचआयव्हीचं सांगितलं नाही, किंवा एआरटी केंद्रात टीबीचं सांगितलं नाही, की जादा गोळी लिहिणारा कोणी उरत नाही. रुग्णाला काहीच जाणवत नाही. तो दोन्ही औषधं इमानाने घेतो. विषाणूला मात्र अर्धवट मात्रेत तग धरायची संधी मिळते आणि हे कळतं ते पुढच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजण्याच्या तपासणीत, काही महिन्यांनी. जपानमधली माणसं काही दिवसांत दगावली म्हणून निदान आरडाओरडा तरी झाला. आपल्याकडे हे गुपचूप घडतं आणि खापर फुटतं ते रुग्णाच्या डोक्यावर: ‘गोळ्या चुकवल्या असणार.’

फिट येणाऱ्यांना किंवा चेहऱ्याची नस दुखणाऱ्यांना दिलं जाणारं कार्बामाझेपिनही असंच विकर वाढवतं. तिथेही डोल्युटेग्राव्हिर दोनदा द्यावं लागतं. फेनिटोइन आणि फेनोबार्बिटोन तर शक्यतो टाळायचीच. ही काही दुर्मिळ औषधं नव्हेत. तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलमध्ये ती असतात.

आता उलट बाजू. रिटोनाव्हिर हे 1996 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं एचआयव्हीवरचं औषध. ते सीवायपी-3ए-4 ला इतकं जखडून ठेवतं, की डॉक्टरांनी त्याचा हा अवगुणच कामाला लावला. विषाणूवर त्याने स्वतः काम करावं ही अपेक्षा सोडून दिली आणि जोडीच्या औषधाची पातळी रक्तात टिकावी म्हणून ते थोड्या मात्रेत देऊ लागले. पहिल्या फळीची, म्हणजे वर सांगितलेली तीन औषधांची गोळी ज्यांना चालेनाशी होते, त्यांच्या औषधांत आजही अटाझानाव्हिर, लोपिनाव्हिर किंवा दारुनाव्हिरसोबत ते असतं. अशा रुग्णाच्या दम्याच्या पंपात फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड असलं, तर ते स्टेरॉइड यकृतात मोडलं जात नाही. एरवी फुप्फुसापुरतं राहणारं औषध अंगभर पसरतं, चेहरा सुजून गोल होतो, साखर वाढते आणि शरीराची स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवण्याची क्षमता दबून जाते. गुडघ्यात टोचलेल्या ट्रायमसिनोलोनच्या एका इंजेक्शननेही हे होऊ शकतं. अस्थिरोगतज्ज्ञाला इथे एचआयव्हीची गोळी आठवायचं कारणच काय? रुग्ण आला आहे गुडघा घेऊन.

अर्धशिशीच्या काही गोळ्यांत एर्गोटामाइन असतं. रिटोनाव्हिरसोबत ते घेतलं तर हातापायांच्या रक्तवाहिन्या इतक्या आकसतात की बोटं काळी पडून कापायची वेळ येऊ शकते. कोलेस्टेरॉलच्या औषधांपैकी सिम्व्हास्टॅटिन चालतच नाही, ॲटोर्व्हास्टॅटिनची मात्रा कमी ठेवावी लागते. आणि आपल्याकडची लाडकी पित्ताची कॅप्सूल, सकाळी उपाशीपोटी घ्यायची, पॅन्टोप्रॅझोल आणि डोम्पेरिडोन एकत्र असलेली! अटाझानाव्हिर-रिटोनाव्हिर घेणाऱ्याला ती दोन्हीकडून अडचणीत आणते. पॅन्टोप्रॅझोलमुळे पोटातलं आम्ल घटून अटाझानाव्हिर नीट विरघळत नाही, म्हणजे विषाणूवरचं औषध कमी पडतं. दुसरीकडे रिटोनाव्हिरमुळे डोम्पेरिडोन यकृतात मोडलं जात नाही, ते साचतं आणि हृदयाची लय बिघडवू शकतं. ही कॅप्सूल मागायला आपल्याकडे कोणी चिठ्ठी दाखवत नाही. लग्नाच्या जेवणावळीनंतर ती शेंगदाण्यासारखी वाटली जाते.

पण लगेच सगळ्याच गोळ्यांना भ्यायचं कारण नाही. पॅरासिटामोलवर अनेकांचा राग असतो, ‘लिव्हर खराब करते’ म्हणून. प्रमाणात घेतली तर एचआयव्हीच्या नेहमीच्या गोळीशी तिचं भांडण नाही. सिटिरिझिन, अमॉक्सिसिलिन यांचंही नाही. वर सांगितलेलं पॅन्टोप्रॅझोलसुद्धा डोल्युटेग्राव्हिरसोबत बिनघोर चालतं. उलट कोणाच्या मनातही येणार नाही अशा कॅल्शियमच्या गोळीने, रक्तवाढीच्या गोळीने आणि पोटाच्या गुलाबी पातळ औषधाने डोल्युटेग्राव्हिरचं शोषण अडतं, कारण त्यातले धातू त्याला आतड्यातच बांधून ठेवतात. यात यकृताचा संबंधच नाही. डोल्युटेग्राव्हिर अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचं. कॅल्शियम आणि लोह मात्र जेवणासोबत त्याच वेळी घेतलेलं चालतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची तऱ्हा आणखी निराळी. डोल्युटेग्राव्हिर मूत्रपिंडाकडून होणारा त्याचा निचरा कमी करतं, म्हणून मेटफॉर्मिन दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये असं सांगतात. इतके बारकावे सामान्य माणसाने पाठ करावेत अशी अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. एमबीबीएस झालेल्यांच्याही ते तोंडावर नसतात.

प्रश्न एचआयव्हीपुरता नाही हेही नोंदवतो. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटिस सीची औषधं मोफत मिळतात. त्यातलं सोफोसबुव्हिर हृदयाच्या अमिओडॅरोनसोबत घेतल्यास नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा 2015 मध्येच दिला. त्याच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या व्हेल्पाटास्व्हिरला रिफाम्पिसिन चालत नाही आणि पित्ताच्या गोळ्याही जपूनच. कोविडच्या निरमाट्रेल्व्हिरसोबतही रिटोनाव्हिरच होतं, उपचार अवघा पाच दिवसांचा. तेवढ्यातही मूत्रपिंड बदललेल्या आणि शरीराने ते नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस घेणाऱ्या रुग्णांत त्या औषधाची पातळी भलतीच चढल्याचं डॉक्टरांना अनेक ठिकाणी दिसलं.

‘मी इंग्रजी औषध घेतच नाही, काढा घेतो’ असं सांगणाऱ्यांसाठी एक जाता जाता. आपल्याच देशात 2009 मध्ये रिफाम्पिसिनची एक गोळी बाजारात आली, तिच्यात काळ्या मिरीतलं पायपेरिन घातलं होतं. पायपेरिनमुळे रिफाम्पिसिन रक्तात जास्त पोहोचतं, म्हणून 450 मिलिग्रॅमऐवजी 200 मध्ये भागवता आलं. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतलं हे संशोधन. मिरी जर टीबीच्या औषधाची मात्रा निम्म्याहून खाली आणू शकते, तर ‘घरगुती आहे, त्याने काय होणार’ हे वाक्य आपण थोडं जपून वापरायला हवं. स्वयंपाकातल्या चिमूटभर मिरीबद्दल मी बोलत नाही. पण एकवटलेले अर्क कॅप्सूलमध्ये भरून विकले जातात, तेव्हा ते औषध म्हणूनच मोजायला हवेत.

डॉक्टर मंडळींचं यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘रुग्ण लपवतो, आम्ही काय करणार?’ लपवतो, खरं आहे. का लपवतो हेही सगळ्यांना ठाऊक आहे. एचआयव्ही म्हटलं की ऑपरेशनची तारीख पुढे जाते, दाताचा डॉक्टर मोठ्या रुग्णालयाची वाट दाखवतो, गावातल्या मेडिकलवाल्याचा मेहुणा आपल्याच सोयरिकीतला निघतो. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने भेदभावाला बंदी केली, संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करायलाही बंदी केली. 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागूही आहे. पण कायदा आहे म्हणून कोणी आपली लाज मेडिकलच्या काउंटरवर मांडत नाही. एआरटी केंद्रातून मिळणारी पुस्तिका घरात कपाटाच्या तळाशी असते आणि ती तिथेच राहणार. लपवणं हा या माणसाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेला विचारपूर्वक हिशेब आहे. ज्या व्यवस्थेची सुरक्षितता त्याने हा हिशेब सोडून देण्यावर अवलंबून आहे, ती मुळातच चुकीची बांधलेली आहे. जपानमध्ये डॉक्टरने रुग्णापासून आजार लपवला होता, इथे रुग्ण डॉक्टरपासून लपवतो, यकृताच्या दृष्टीने निकाल सारखाच.

मग विचारायचं कोणी? कायद्यात याचं उत्तर आधीच लिहिलेलं आहे. भारतीय फार्मसी परिषदेच्या 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत औषध देण्यापूर्वी नोंदणीकृत फार्मासिस्टने चिठ्ठी तपासून औषधा-औषधांतली टक्कर पाहावी, चिठ्ठीविना घेतल्या जाणाऱ्या औषधांसकट पाहावी आणि रुग्णाशी त्याबद्दल बोलावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. दहा वर्षांत आपल्यापैकी किती जणांना मेडिकलमध्ये ‘आणखी कोणती औषधं चालू आहेत?’ असा प्रश्न विचारला गेला? बहुतेक ठिकाणी प्रश्न एकच असतो, ‘पूर्ण पट्टी देऊ की चार?’ काउंटरवर उभा असलेला मुलगा फार्मासिस्ट असतोच असं नाही. भिंतीवरच्या चौकटीत ज्याचं प्रमाणपत्र टांगलेलं असतं तो वेगळा. 2012 च्या सुमारास महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्ट दुकानात हजर हवा असा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांनी बंद पुकारले होते. तो आग्रह पुढे सैल पडला.

विक्रेत्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला 16 टक्के नफा मिळतो. तो मिळतो पट्टी विकल्याबद्दल. विकू नये असं ठरवलं, पाच मिनिटं बोलून डॉक्टरला फोन केला, तर त्या पाच मिनिटांचं मोल शून्य. ज्या कामाचे पैसे नाहीत आणि जे न केल्याची शिक्षा नाही, ते काम होत नाही. जपानने वहीत नोंद करायचे पैसे दिले ते उगाच नाही. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत शस्त्रक्रियेचे दर ठरतात, फार्मासिस्टच्या सल्ल्याचा दर कुठेच नाही. तो ठरवा, निदान ठरावीक औषधांपुरता. मग हजेरीचा आग्रह धरायला प्रशासनालाही तोंड राहील.

‘हे सगळं आता डिजिटल होणार आहे’ असंही सांगितलं जातं. आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं, उघडलं की सगळ्या चिठ्ठ्या एकत्र. मला यात दोन गोष्टी खटकतात. एक, जो माणूस पुस्तिका कपाटात लपवतो तो आपला एचआयव्ही मोबाइलमध्ये जोडणार नाही आणि त्याने जोडावा अशी सक्ती तर कुणी करूच नये. दुसरं, संगणक टक्कर ओळखतो खरा, पण किरकोळ टकरींवरही इतक्या वेळा घंटा वाजवतो की परदेशात जिथे हे वर्षानुवर्षं चालू आहे तिथले डॉक्टर बहुतेक इशारे न वाचताच पुढे सरकवतात. लिव्हरपूल विद्यापीठाचं एचआयव्ही औषधांच्या टकरी दाखवणारं संकेतस्थळ उत्तम आहे, फुकट आहे, लाल-पिवळ्या-हिरव्या खुणांनी सांगतं. पण त्यात औषधाचं मूळ नाव टाकावं लागतं आणि आपल्या पट्टीवर डोळ्यांत भरतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. एका गोळीत तीन-तीन औषधं, बारीक इंग्रजीत, तीही पट्टी नेमकी तिथेच फाडलेली. ऑगस्ट 2023 पासून जास्त खपाच्या 300 ब्रँडवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं, पण तो मुख्यतः औषध बनावट नाही ना हे पाहण्यासाठी. त्याच कोडमागे ‘या औषधांसोबत घेऊ नका’ एवढ्या चार ओळी मराठीत घालायला कोणती अडचण आहे, हे मला कळलेलं नाही.

माझा स्वतःचा आग्रह याहून साध्या गोष्टीचा आहे. जपानची वही जशीच्या तशी आपल्याकडे चालणार नाही. तिच्यात डोल्युटेग्राव्हिर लिहिलं की मोबाइल असलेल्या कोणालाही अर्ध्या मिनिटात आजार कळेल. म्हणून घेतो ती औषधं लिहूच नका. नको असलेली लिहा. आधार कार्डाएवढं एक जाड कागदाचं कार्ड, वर रुग्णाचं नावही नको, फक्त मराठीत आणि इंग्रजीत: ‘या व्यक्तीला पुढील औषधं देण्याआधी विचारा’. खाली आठ-दहा नावं. पहिल्या फळीच्या गोळीसाठी रिफाम्पिसिन, कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटोन, जादा मात्रेचं मेटफॉर्मिन. रिटोनाव्हिर घेणाऱ्यासाठी एर्गोटामाइन, सिम्व्हास्टॅटिन, डोम्पेरिडोन, फ्लुटिकासोन, ब्युडेसोनाइड, ट्रायमसिनोलोन आणि नायट्यासाठी सध्या सरसकट लिहिलं जाणारं इट्राकोनॅझोल. यादी लांबवली की तिचं तेच होईल जे संगणकाच्या घंटांचं झालं. जीव किंवा उपचार धोक्यात आणणारीच नावं घ्यायची, बाकीची केंद्रातल्या समुपदेशकाने तोंडी सांगायची.

कोणी म्हणेल, औषधांचा जाणकार या यादीवरूनही ओळखेल. ओळखू शकेल, कबूल. म्हणूनच हे कार्ड एकट्या एचआयव्हीच्या रुग्णांना देऊन चालणार नाही. मूत्रपिंड बदललेल्यांना, रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांना, फिटच्या रुग्णांना, हिपॅटायटिस सीच्या औषधांवर असलेल्यांना, कर्करोगाच्या गोळ्या घरी घेणाऱ्यांना अशाच याद्यांची तितकीच गरज आहे. रिफाम्पिसिन आणि कार्बामाझेपिन यांतल्या बहुतेकांच्या यादीत येतंच. सगळ्यांना एकाच रंगाचं, एकाच छपाईचं कार्ड मिळालं तर ते दाखवणारा माणूस गर्दीतला एक होतो. महाराष्ट्रासारख्या राज्याला याचा छपाईखर्च जड नाही. जड आहे ते एआरटी, टीबी, हिपॅटायटिस आणि असंसर्गजन्य आजारांचे कार्यक्रम चालवणाऱ्या वेगवेगळ्या कार्यालयांना एका टेबलाशी बसवणं. यादी कोणी करायची, दरवर्षी ती कोणी तपासायची, नवं औषध आलं की कोणती नावं काढायची, हे त्यांनी बसून ठरवायचं आहे.

राहिला कार्डावरचा फोन नंबर. एआरटी केंद्राचा टाकला तर ते दुपारनंतर बंद होतं आणि पित्ताची कॅप्सूल लोक रात्री नऊला मागतात. 1097 ही एड्सची राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास चालते, माणसं जाणकार आहेत, पण तो क्रमांक कार्डावर छापला की कार्डावर आजार छापल्यासारखाच झाला. तेव्हा क्रमांक हवा 104 सारखा, आरोग्याच्या कोणत्याही सल्ल्यासाठीचा. पलीकडे बसलेल्याला प्रशिक्षण द्यायचं ते एवढंच, की फार्मासिस्टने औषधाचं नाव आणि कार्डावरचा यादी क्रमांक सांगितला तर समोरच्या तक्त्यात पाहून ‘द्या’, ‘देऊ नका’ किंवा ‘मात्रा बदलायला डॉक्टरकडे पाठवा’ यापैकी एक उत्तर द्यायचं आणि रुग्णाला काय झालं आहे हे विचारायचं नाही.